अकरावा पत्ता

तुमचा पत्त्यांचा कॅट घरीच ठेवून या. नव्या कॅटच्या खोक्यावर बारकोड छापलेला असतो, आणि आपण निघालोय तिथे तो कुणी पाहिला तर तुम्हाला जर्मन हेर ठरवायला त्याला दोन मिनिटंही लागणार नाहीत. फोनही नको. ही जादू उसन्या पत्त्यांवर होते, मळक्या पत्त्यांवर होते, दोन-चार हरवलेले असले तरी होते. रिकाम्या हाताने या.

लंडनच्या ज्युबिली लाइनचं शेवटचं स्टेशन, स्टॅनमोर. फलाट खाली, रस्ता वर, मध्ये जिने. चढायला लागा. खाली भिंतीवरच्या नकाशात ही लाइन करड्या रंगाची होती. वर पोचेपर्यंत तीच रेघ तपकिरी झालेली असेल. तपकिरी म्हणजे बेकरलू लाइन. ज्युबिली लाइन सुरू व्हायला अजून 35 वर्षं आहेत, कारण तुम्ही 1944 च्या फेब्रुवारीत उभे आहात. स्टेशनाला तेव्हा जेमतेम अकरा वर्षं झालीत. ते 10 डिसेंबर 1932 ला उघडलं. त्याच वर्षी लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ सुरू झालं, पण आज तुम्हाला तिकडे जायचं नाही.

बाहेर पडलात की आधी थांबा. डोळ्यांना सवय होऊ द्या. रस्त्यावर एक दिवा नाही, एका खिडकीतून उजेडाची फट नाही. मागे लाल विटांचं, उतरत्या छपराचं, धुराडी असलेलं स्टेशन एखाद्या शांत माणसाच्या बंगल्यासारखं दिसतंय. हातातली बॅटरी पातळ कागदाने झाकलेली असेल तरच लावा, आणि तीही जमिनीकडे. हे गाव दिसतं तेवढं झोपाळू नाही. बेंटली प्रायरीच्या हवेलीत लढाऊ विमानदलाचं मुख्यालय आहे. 1940 चं हवाई युद्ध फायटर कमांडचा तेव्हाचा प्रमुख डाउडिंग याने तिथूनच चालवलं. स्टॅनमोर पार्कमध्ये बलून कमांड आहे, म्हणजे विमानांना अडवायला आभाळात जाडजूड फुगे सोडणारी मंडळी. आणि तिसरीही एक जागा आहे. तिचं नाव इथे कुणी घेत नाही.

लंडन रोडने पश्चिमेकडे चालत राहा. ब्रॉडवे ओलांडलात की चर्च रोडवर 1632 सालच्या जुन्या चर्चचे विटांचे भग्न अवशेष लागतात, शेजारी नवं चर्च. त्याच्या अलीकडच्या एका हॉलमध्ये सैनिकांसाठी चहाची सोय आहे. दाराला दुहेरी पडदा आहे. पहिला बाजूला सारून आत व्हा, तो नीट लावा, मग दुसरा उघडा. एकदम दोन्ही उघडलेत तर आतून चार आवाज एकदम ओरडतील.

आत ओल्या लोकरीचा, कोळशाचा आणि कोबीचा वास. तुमच्याकडे बघून कुणी दचकत नाही. बेव्हिन योजनेतून इथल्या कारखान्यांत काम शिकायला आलेले हिंदी तरुण लोकांनी पाहिलेले आहेत, तुम्ही त्यांतलेच एक. एवढं पुरे. जास्त माहिती देऊ नका. पुढे कळेल की सगळा घोटाळा जास्त माहिती दिल्यानेच होतो.

चहा घ्या. पातळ आहे, पण नाक मुरडू नका: माणशी आठवड्याला दोन औंस पत्ती मिळते. चहा देणारा आचारी साठीकडे झुकलेला आहे. त्याच्या फळीवर बिस्किटांच्या डब्याशेजारी पत्ते पडलेत. मागून घ्या. कडा मऊ पडलेल्या, इस्पिक एक्का गायब, बदाम राणीला चहाचा डाग. मोजलेत तर पन्नासही भरणार नाहीत. बदाम सात खेळायला निरुपयोगी, पण तुम्हाला एकवीसच हवेत.

समोरच्या बाकावर एक मुलगी एकटी बसलीय. वीस-एकवीस वर्षांची, निळा गणवेश, काळे मोजे: नौदलातल्या बायका, ज्यांना इथे ‘रेन’ म्हणतात. बोलण्यावरून ग्लासगोची. तिच्या बाहीच्या कडेला यंत्राच्या तेलाचा डाग आहे. नौदलाची मुलगी, जवळपास समुद्र नाही, आणि बाहीला तेल. हा डाग कशाचा ते तुम्ही ओळखता. विचारू नका. विचारलंत तर ती सांगेल, ‘मी लिहायचं काम करते.’ तसंच सांगायचं असं तिला बजावून ठेवलेलं आहे.

त्याऐवजी विचारा, ‘एक पत्ता मनात धराल?’

इथे तुम्हाला दुसरी तारीख आठवेल, खोटं बोलू नका. मे महिन्याची सुट्टी, आजोळची ओसरी, बाहेर ऊन मी म्हणतंय, मोठ्यांची वामकुक्षी चाललीय, आणि झब्बूचा कंटाळा आल्यावर मावसभाऊ म्हणतो, ‘चल, तुला जादू दाखवतो. एक पत्ता मनात धर.’ महाराष्ट्रात ही जादू कुणी पुस्तकातून शिकत नाही. ती कांजिण्यांसारखी एका सुट्टीत सगळ्या भावंडांना होते. तिचा इतिहास मात्र ओसरीपेक्षा जुना आहे. बाशे नावाच्या फ्रेंच माणसाच्या 1612 सालच्या गणिती करमणुकीच्या पुस्तकात तिची थोरली बहीण सापडते, आणि दोनशे वर्षांनी जेर्गोन या गणितीने 27 पत्त्यांचे तीन ढीग करून त्यामागचा नियम मांडला. मावसभावाला यातलं काही माहीत नव्हतं आणि त्याचं काही अडलंही नाही.

पिसा. वाटा. तीन-तीनच्या ओळी, डावीकडून उजवीकडे, चित्र वर. प्रत्येक पुढची ओळ आधीच्या ओळीच्या खाली, पत्ता पत्त्यावर थोडा चढलेला, म्हणजे सातांच्या तीन रांगा होतील.

आणि इथेच तुमची फजिती होते. सात ओळी झाल्या तरी हातात एक पत्ता उरतो. दोन मऊ पत्ते चिकटून आले असणार. ती भुवई उंचावते. आचारीही मान वळवतो. घाबरू नका आणि स्पष्टीकरण देत बसू नका. तो पत्ता शांतपणे बशीखाली सरकवा आणि म्हणा, ‘हा साक्षीदार.’ हातचलाखीच्या जादूत चूक झाली तर हात पकडला जातो. या जादूत हाताला कामच नाही, त्यामुळे चूक पकडायला कुणी हाताकडे पाहत नाही.

‘धरला?’

‘धरला.’

‘कुठल्या रांगेत?’

‘उजवीकडच्या.’

रांगा गोळा करा. तिची रांग मध्ये, बाकीच्या दोन वर-खाली. पत्त्यांचा क्रम मोडू नका. पुन्हा तीन-तीन करत वाटा. विचारा. ती डावीकडची दाखवते. पुन्हा ती रांग मध्ये. तिसऱ्यांदा वाटा, पण आता घाई करा, जणू या वाटण्यात काही राम नाही. तिला बोलण्यात गुंतवा. ग्लासगोतल्या पावसाबद्दल विचारा, तिथे तो कधी थांबतो का म्हणून. ती हसते, मधल्या रांगेकडे बोट करते, आणि त्या क्षणी तुम्हाला पत्ता कळलेला असतो: त्या रांगेतला चौथा. चौकट नव्वी.

कळलं, हे चेहऱ्यावर दिसू देऊ नका. जादूगाराला पत्ता कळणं आणि प्रेक्षकाला तो कळलाय हे कळणं, यांमधला वेळ जितका लांबवाल तितकी जादू मोठी. मधली रांग मध्येच घालून पत्ते उचला, पालथे करा आणि तिच्या हातात द्या. तिच्याच हातात. आता एकही पत्ता तुम्ही शिवणार नाही.

इंग्रज जादूगार इथे ‘अॅब्राकडॅब्रा’ची रोमन अक्षरं मोजतात; ती अकरा भरतात. आपल्याकडे त्याहून झकास सोय आहे आणि ती कुणी मुद्दाम केली असेल असं मला वाटत नाही. आ-ला-मं-त-र-को-ला-मं-त-र-छू. मोजा बोटांवर. पाच, पाच आणि एक.

तिला सांगा, मी एकेक अक्षर म्हणतो, तुम्ही एकेक पत्ता टेबलावर पालथा टाका. तुम्ही म्हणता, ती टाकते. शेजारच्या बाकावरचे दोघे हवाईदलवाले माना लांब करतात. दहा पत्ते पडतात. ‘छू’वर थांबा.

‘मनातला पत्ता आता बोला.’

‘चौकट नव्वी. स्कॉटलंडचा शाप म्हणतात तिला. आमच्या आजीला ती घरात चालायची नाही.’

‘उलटा.’

ती अकरावा पत्ता उलटते.

हॉलमध्ये टाळ्या वगैरे काही होत नाहीत. एक हवाईदलवाला शिट्टी घालतो, झालं. पण तिच्याकडे पाहा. ती हसत नाहीये. पत्ता कडेला धरून दिव्याशी तिरका करून पाहतेय, मग दुसरा, मग तिसरा. खूण शोधतेय. बारीक गोष्टी तपासायची या बोटांना सवय आहे. खूण सापडत नाही तेव्हा ती पत्ते खाली ठेवते आणि म्हणते:

‘तुम्ही काहीच केलं नाहीत. सगळं मीच सांगितलं. तीनदा.’

या जादूला हजार प्रेक्षक मिळतात आणि त्यांतला एखादाच हे बोलतो. तिचं बरोबर आहे. पहिल्यांदा रांग दाखवली तेव्हा एकविसांतले सात उरले. ते सात मध्ये गेले, पुन्हा वाटल्यावर तीन रांगांत विखुरले, कुठे दोन, कुठे तीन, सगळे तिसऱ्या ते पाचव्या ओळीत. दुसऱ्या उत्तराने ते दोन-तीनच उरले आणि मधोमध आले. तिसऱ्या वाटण्यात त्यांची एकेका रांगेत एकेकटी वाटणी झाली, प्रत्येक जण चौथ्या ओळीत. तिसऱ्या उत्तराने एकच राहिला. वर सात पत्ते, त्याच्या रांगेतले तीन, मग तो. अकरावा. तीन प्रश्न, प्रत्येकाला तीन उत्तरं, म्हणजे सत्तावीस पत्त्यांपर्यंत ओळखता येतील. एकवीस तर सहज. हाताने काहीच लपवलेलं नाही. माणूस आपलं गुपित तीन तुकड्यांत आपण होऊन देतो, आणि तुकडे लहान असल्यामुळे दिल्याचं त्याला आठवत नाही. जादूगाराचं काम एवढंच, की ते आठवू द्यायचं नाही. म्हणून तर ग्लासगोचा पाऊस.

आता तोंडावर हात ठेवा. तुम्हाला पुढचं वाक्य बोलायचा मोह होणार आहे.

कारण ती ज्या जागेत काम करते ती याच सूत्रावर चाललीय. स्टॅनमोरच्या त्या तिसऱ्या ठिकाणी माणसापेक्षा उंच यंत्रं ओळीने उभी आहेत. त्यांना ‘बॉम्ब’ म्हणतात. स्फोटाशी संबंध नाही. ट्युरिंग आणि वेल्चमन या गणितींची कल्पना, लेचवर्थच्या कारखान्यात बनलेली. एकेका यंत्रावर 108 फिरती चक्रं, चक्रांच्या मागे तारांचे बारीक ब्रश. दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर सगळं चुकतं, म्हणून या मुली चिमट्याने एकेक तार सरळ करतात. बाहीचा डाग तिथला. आठ-आठ तासांच्या पाळ्या. ब्लेचली पार्कच्या संकेत फोडणाऱ्या केंद्रातून आलेल्या तक्त्याप्रमाणे चक्रं चढवायची, वायरी जोडायच्या, यंत्र सुरू करायचं. ते घरघरत राहतं आणि अचानक थांबतं. थांबलं की अक्षरं टिपून घ्यायची, कळवायची, पुन्हा सुरू. निरोप कुणाचा होता, पाणबुडीचा की रणगाड्यांचा, तिला कळत नाही.

आणि हे यंत्र चालतं कशावर? एनिग्मा या गुप्तलेखन यंत्रावर लिहिणारा जर्मन तारवाला रोज ठरल्या वेळी ठरल्या शब्दांत हवामान कळवतो. कुणी रोज कळवतो की ‘विशेष काही नाही’. शिवाय एनिग्माचा स्वभाव असा की कुठलंही अक्षर स्वतःच्या जागी स्वतः कधीच येत नाही. गुपित फोडायला एवढे तुकडे पुरतात. त्याला वाटतं आपण काहीच सांगितलं नाही.

हे तिला आत्ता सांगितलंत तर तुम्ही मूर्ख. तिच्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे, हीच आजच्या रात्रीची सगळ्यांत अवघड हातचलाखी. लंडनच्या ‘मॅजिक सर्कल’ या 1905 साली सुरू झालेल्या जादूगारांच्या संस्थेचं लॅटिन ब्रीद आहे, अर्थ ढोबळ मानाने ‘गुपित फोडण्यातला नव्हे’. ते ब्रीद या मुली पाळतात. पुढची तीस वर्षं नवऱ्यालाही सांगणार नाहीत.

तुम्ही फक्त म्हणा, ‘बरोबर. तुम्हीच सांगितलंत.’

आता ती हसते.

एवढ्यात आचारी त्याचे पत्ते न्यायला येतो. ‘हिंदुस्थानातला ना तू? मी होतो तिकडे, पलटणीत. पण खरं म्हणशील तर डुलॅलीत झालो होतो म्हातारा.’

डुलॅली. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ डोकं फिरलेला. एक हवाईदलवाला लगेच कपाळाशी बोट फिरवून दाखवतो. पण तुमच्या कानाला दुसरं ऐकू येतं: देवळाली. नाशिकशेजारचं आपलं देवळाली. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई तिथल्या छावणीत बोटीची वाट पाहत बसत. बोटी हिवाळ्यातच निघत. हंगाम हुकला तर महिनोन्‌महिने ऊन, माश्या आणि पत्ते. माणसं भ्रमिष्ट व्हायची. त्याला ते म्हणत ‘डुलॅली टॅप’. हा टॅप म्हणजे आपला ताप. इंग्रजांनी गाव नेलं, ताप नेला, उच्चार मात्र तिथेच ठेवून आले.

‘हे पत्ते तिथले?’ तुम्ही विचारता.

‘तिथले कसले, तिथले केव्हाच झिजून मेले.’

आणि तुमच्या लक्षात येतं की या घटकेला देवळालीत मध्यरात्र उलटून गेलीय आणि तिथे एक शाळामास्तर राहतो. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणूचा, 1905 चा. फर्ग्युसनमध्ये शिकला, 1930 पासून देवळालीत शिकवतोय. पुढचं शिक्षण नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही, आकड्यांचा नाद. आचाऱ्याला ज्या गावाने वेड लावलं त्याच गावात हा माणूस दुसऱ्या वेडात बसलाय.

तुमचा हात पुन्हा पत्त्यांकडे जातो. जाणारच. चार पत्ते काढा: तिर्री, अठ्ठी, दुर्री, सत्ती. मोठ्यापासून छोट्यापर्यंत लावा, 8732. उलटे लावा, 2378. वजा करा, 6354. पुन्हा तसंच: 6543 वजा 3456, 3087. मग 8730 वजा 0378, 8352. मग 8532 वजा 2358, 6174. आता यापुढे कितीही करा, 6174 च. चारही पत्ते एकाच किमतीचे नसले की एक्क्यापासून नव्वीपर्यंतचे कुठलेही घ्या, सात वजाबाक्यांच्या आत तिथेच पोचता. हिलाही हात नाही, डोळा नाही, काही नाही. आपोआप होणाऱ्या जादूंची ही राणी. ग्लासगोच्या या मुलीने ती पाहिली तर कागद मागून रात्रभर वजाबाक्या करत बसेल.

हात मागे घ्या. कापरेकर मद्रासच्या गणित परिषदेत हे मांडणार आहेत 1949 साली. त्याच वर्षी ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’त त्यांचा लेख येईल, आणि त्याचं शीर्षक असेल एकट्याने खेळायच्या पत्त्यांच्या डावावरून. पाच वर्षं आधी, हजारो कोसांवर वगैरे नाटकीपणा करत, दुसऱ्याची जादू चहाच्या टेबलावर उधळणाऱ्याला जादूगार चोर म्हणतात. आणि कापरेकरांना हयातभर पुरेशी हेटाळणी वाट्याला आली. मोठ्या पदव्यावाल्यांनी त्यांचं काम पोरखेळात काढलं. त्यात तुमची भर नको.

पत्ते आचाऱ्याला परत करा. बशीखालचा साक्षीदारही. तो पत्ता उलटून बघता: किलवर तिर्री, कुणाचीच नाही.

तिची पाळी मध्यरात्रीची आहे. ती टोपी नीट करते, दुहेरी पडद्याशी थांबते आणि विचारते, ‘ते शेवटी काय म्हणालात? मंत्र?’

‘पोरं म्हणतात आमच्याकडे.’

‘पुन्हा म्हणा.’

तुम्ही म्हणता. ती बोटांवर मोजते. मोजणारच. तिचं बोट अकरावर थांबतं, यंत्र थांबावं तसं, आणि ती काही न बोलता पडद्याआड जाते.

स्टेशनचे जिने उतरा. तपकिरी रेघ करडी होईल. परतीच्या गाडीत बसल्या बसल्या उरलेलं ऐका. एनिग्मा फुटल्याची गोष्ट विंटरबॉथम यांच्या पुस्तकाने 1974 मध्ये जगापुढे आली, तेव्हा त्या मुली पन्नाशीला आल्या होत्या. पुढच्याच वर्षी, मार्च 1975 मध्ये, मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं आणि देवळालीच्या निवृत्त मास्तरांना जगभरातून वाचक मिळाले. ते तेव्हा सत्तर वर्षांचे होते. त्यांनी शोधलेल्या स्वयंभू संख्यांना आता इंग्रजीत ‘देवळाली संख्या’ असंही म्हणतात. म्हणजे त्या भाषेत आपल्या एका गावाचे दोन शब्द झाले: एक वेडाचा, एक गणिताचा. दुसरा फारसा कुणाला ठाऊक नाही.

घरी पोचलात की कॅट काढा आणि जवळच्या कुणाला तरी बसवा. मंत्र येतोच. पण सुरू करण्याआधी पत्ते दोनदा मोजा. ते एकवीसच हवेत. बावीस झाले तर मधला पत्ताच उरत नाही.